रोपपंचमीचे चार शब्द

ठकूबाय शेणानं भरलेलं घमेलं घेऊन थेट वर्गात आली आणि ते तिनं माझ्या टेबलावर, हजेरीपटाच्या शेजारी ठेवलं. पोरं नाक दाबून हसायला लागली. मी त्यांना दटावलं, पण माझाही एक हात नाकाशीच होता.

"गुरुजी, हात घाला," ती म्हणाली.

मी काही हात घातला नाही. मग तिनंच मनगटापर्यंत हात घालून हिरड्याच्या पाच-सहा बिया बाहेर काढल्या आणि पाण्याच्या पिंपाशी जाऊन धुतल्या. पंधरा दिवस शेणात मुरलेल्या बिया होत्या त्या. एक बी तिनं उंबऱ्यावर धरली आणि जाड टोकाला दगडाचा एक हलका ठोका दिला. कवचाला बारीक चीर पडली. जोरात मारलं तर आतला कोंब मरतो, आणि मारलंच नाही तर तो बाहेर येत नाही, असं तिनं मला समजावून सांगितलं. मग म्हणाली, "हे ल्हिवून घ्या. आन दुसरं बी एक हाये. ते जास्त महत्त्वाचं."

ही गोष्ट एकोणीसशे एकोणनव्वद सालची. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीतल्या घोटमाळ नावाच्या वाडीत एकशिक्षकी शाळा चालवत होतो. शाळा म्हणजे देवळाचा सभामंडप. पावसात मुलं मूर्तीच्या बाजूला सरकायची, कारण तेवढीच जागा गळत नव्हती. मी नारायणगावकडचा, बागायतीतला. घोटमाळला आल्यावर वर्षभरात बदलीचे तीन अर्ज करून झाले होते. संध्याकाळी कंदील लावून कथा लिहायच्या आणि दिवाळी अंकांना पाठवायच्या, हा एक उद्योग होता. त्या न चुकता परत येत. पोस्टमन पाकीट देताना माझ्याकडे बघायचंही टाळायचा, इतका तो सज्जन होता.

गावात एक जुना सण होता. आषाढ शुद्ध पंचमीला प्रत्येक घरानं डोंगराच्या उतारावर, जिला सगळे राई म्हणत, तिथं हिरड्याचं एक रोप लावायचं. त्याला रोपपंचमी म्हणत. पहिलं रोप तळपे घराण्यातल्या बाईनं लावायचं. खड्ड्यात रोप ठेवताना प्रत्येकानं चार शब्द बोलायचे आणि मगच माती लोटायची. ठकूबाय ही तळप्यांची. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, एकुलता मुलगा मुंबईत गोदामात हमाल. गावातले बरेच तरुण तसेच मुंबईला गेलेले. मी पहिल्या वर्षी रोपपंचमी पाहिली तेव्हा चाळीस घरांपैकी सातच घरांनी रोपं लावली होती. पावसाची झड होती आणि मी छत्री सांभाळत लांब उभा होतो. ते चार शब्द मी ऐकलेसुद्धा नव्हते.

ठकूबायची काळजी खरी होती. तिच्यामागं रोपं कोण करणार आणि ते शब्द कोण म्हणणार? मुलाला ती दोनदा सांगून थकली होती. कागदावर असेल तेच तालुक्याला खरं मानतात हे तिनं वनखात्याच्या दारात उभं राहून शिकलेलं होतं. म्हणून ती माझ्याकडे आली होती. शाळा सुटल्यावर तिनं मला समोर बसवलं आणि मी दोनशेपानी वहीच्या कोऱ्या पानावर लिहायला लागलो.

तिच्या सासूची सासू येसूबाय. त्या वेळी राई देवीची होती आणि तिच्यातली वाळकी काडीसुद्धा कुणी घरी न्यायचं नाही. मग एक दुष्काळ पडला. घाटाखालून कोळशाचा ठेकेदार आला. झाडं तोडून भट्ट्या लावा, धान्य देतो, म्हणाला. गाव आठ दिवस गप्प बसलं. येसूबाय विधवा होती, पदरात तीन पोरं. नवव्या दिवशी ती कुऱ्हाड घेऊन राईत शिरली आणि तिनं पहिला घाव घातला. तिनं घातला म्हटल्यावर सगळ्यांनी घातले. महिन्याभरात डोंगर बोडका झाला. गाव जगलं. पण पुढच्या पावसात उतारावरची माती खाली आली, भाताची खाचरं दगडांनी भरली आणि राईच्या पायथ्याचा झरा आटला. तो झरा म्हणजे गावचं पाणी.

"कुनी तिला बोललं न्हाई," ठकूबाय म्हणाली. "बोलनार कोन? समद्यांच्याच हातात कुऱ्हाडी व्हत्या. पन पंचमीला तिनं एक रोप आनलं, चारचौघांत हुभी ऱ्हायली आन म्हनली, तोडलं म्या, लावते म्या. दुसऱ्या साली आनखी एक बाई तसंच म्हनली. असं करत समदं गाव. झरा आला तवा माझी सासू लगीन होऊन आली व्हती."

मी लिहून घेतलं. शेणाची कृतीही लिहिली. तिनं वहीवर हात फिरवला, जणू शब्द बोटाला लागतात का बघत होती, आणि विचारलं, "समदं घेतलं ना? कुऱ्हाड बी?"

"घेतली," मी म्हणालो. खोटं बोललो नव्हतो. तोपर्यंत तरी नाही.

आठ दिवसांनी तालुक्याहून एक फॉर्म आला. झाडं जपणाऱ्या गावाला जिल्ह्याचा पुरस्कार मिळणार होता आणि त्या गावाच्या शाळेला दोन पक्क्या खोल्या बांधून मिळणार होत्या. फॉर्ममध्ये एक रकाना होता: उत्सवाचा उगम व परंपरा. मी वही उघडली, ठकूबायचं सांगणं वाचलं आणि विचारात पडलो. झाडं जपण्याचा पुरस्कार, आणि उगम काय, तर कुऱ्हाड? कोणता साहेब हे वाचून खोल्या मंजूर करील?

आणि खरं सांगायचं तर एवढंच नव्हतं. कित्येक महिन्यांनी मला लिहायला एक विषय मिळाला होता. दोन संध्याकाळी बसून मी एक कथा रचली. एक साधू भर उन्हात गावात आला. तळपे घराण्यातल्या येसूबाईनं स्वतः उपाशी राहून त्याला शेवटची भाकरी वाढली. त्यानं झोळीतून हिरड्याचं फळ काढून दिलं आणि सांगितलं, हे लाव, तुझ्या गावाचं पाणी कधी आटणार नाही. त्या माउलीनं त्याच दिवशी शपथ घेतली: आम्ही लावतो, आम्ही राखतो. तेही चारच शब्द. मला माझं कौतुक वाटलं. त्यातून येसूबाईचं नाव मी राखलं होतं. उलट तिला मोठंच केलं होतं. ठकूबायला आनंदच होईल, असं मी स्वतःला अगदी मनापासून पटवलं.

पण तिला सांगितलं मात्र नाही.

पंधरा दिवसांत मुलांकडून माझे ते चार शब्द पाठ करून घेतले आणि पंचमीपर्यंत घरी बोलायचं नाही, अशी ताकीद दिली. मी हात वर केला की सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, अशी खूण ठरली. गावात बातमी पसरली की पंचमीला तालुक्याचे साहेब येणार आहेत. मुंबईची पोरं रजा काढून आली, ठकूबायचा मुलगासुद्धा. म्हाताऱ्यांच्या अंगात वारं शिरलं. ज्या घरांनी वर्षानुवर्षं रोप लावलं नव्हतं, त्यांनी ठकूबायच्या परसातून रोपं मागून नेली. त्या दिवसांत ती फार खुशीत होती. मला दोनदा नाचणीच्या भाकरी आणून दिल्या. तुमच्या लिहिण्यानं सण वाचला, म्हणाली.

पंचमीला चाळीसच्या चाळीस घरं राईच्या उतारावर उभी होती. साहेबांची जीप खाली चिखलात रुतली, ते धोतर सावरणाऱ्या पोलीस पाटलांच्या आधारानं वर आले. मी कागद काढून कथा वाचली. साधू आला, भाकरी आली, फळ आलं. लोक शांतपणे ऐकत होते. काही म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, पण कुणी काही बोललं नाही. मी ठकूबायकडे पाहिलं नाही. ती डाव्या हाताला, खड्ड्यापाशी रोप घेऊन उभी होती, एवढं मला माहीत होतं.

साहेब भारावून गेले. त्यांनी त्या पुण्यवान माउलीच्या वंशजांचा सत्कार करायचा म्हणून स्वतःच्या गळ्यातला हार काढून ठकूबायच्या गळ्यात घातला. टाळ्या पडल्या. तिचा मुलगा हसत होता, त्याचा ऊर भरून आला होता. तिनं हार काढला नाही. ती खाली बसली, रोप खड्ड्यात ठेवलं आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "तोडलं म्या."

साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणाल्या आजी? तोडलं?"

आता हे सांगताना मला तो क्षण फार लांब वाटतो. प्रत्यक्षात एखादा श्वास घेण्याइतकाच असेल. मी म्हणू शकलो असतो, साहेब, खरी गोष्ट वेगळी आहे, ती यांच्याच तोंडून ऐका. कदाचित खोल्या मिळाल्या नसत्या. कदाचित मिळाल्याही असत्या, साहेब वाईट माणूस नव्हता. पण माझा हात वर गेला.

तीस मुलं एका दमात ओरडली, "आम्ही लावतो, आम्ही राखतो!" त्यांच्या मागोमाग मुंबईहून आलेली पोरं ओरडली, मग सगळा उतार. ठकूबायचे ओठ हलताना मला दिसले. पुढचे दोन शब्द तिनं म्हटले असणार, पण ते तिच्याशिवाय कुणालाच ऐकू गेले नाहीत. मग तिनं माती लोटली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली, रिकाम्या हातानं. भांडायला आली असेल म्हणून मी तयारीत होतो. शाळेच्या खोल्या, मुलांचं भलं, तुमच्याच घराण्याचा मान, असं सगळं जुळवून ठेवलं होतं. ती उंबऱ्यावर बसली आणि मी सांगितलेलं सगळं तिनं ऐकून घेतलं.

"मान दिला तुमी," ती म्हणाली. "पन आमचं पाप नेलं, गुरुजी. ते आमचं व्हतं."

मी म्हणालो, आजी, पाप नेलं तर चांगलंच केलं की.

ती माझ्यावर चिडलेली नव्हती, त्याचाच मला जास्त त्रास झाला. एखाद्या ढ पोराला समजेल असं कसं सांगावं, याचा ती विचार करत होती.

"पुन्य केलेला मानूस दुसऱ्या साली कशाला यील? त्याचं झालं की. आपन तोडलंय हे ध्येनात असंल तर मानूस दर साली यील, आन कुऱ्हाड उचलताना त्याचा हात बी अडंल. आता ह्यांचा हात कशानं अडनार?"

मग तिनं वहीबद्दल विचारलं. आहे, म्हणालो. "मंग ती तरी नीट ठिवा," एवढं बोलून ती उठली.

पुरस्कार मिळाला. खोल्या झाल्या. पुढच्या वर्षी पंचमीला शेजारच्या वाड्यांतलेही लोक आले, ढोल-लेझीम आलं, वर्तमानपत्रात फोटो आला. मरणाला टेकलेला सण मी वाचवला, असं गावात सगळे म्हणायचे, आणि मी ते ऐकून घ्यायचो. पहिलं रोप लावायला ठकूबाय मात्र नव्हती. तिच्या सुनेला मुंबईहून बोलावून घेतलं. म्हातारीला तिथी कळेनाशी झाली, असं लोक सांगत होते. ती आदल्या दिवशीच, चतुर्थीला, एकटीच जाऊन रोप लावून आली होती.

त्यानंतर दर चतुर्थीला ती जायची. एका वर्षी शाळेच्या नव्या खोलीच्या खिडकीतून मी तिला उतार चढताना पाहिलं. डोक्यावर इरलं, हातात रोप. मधे दोनदा ती दम खायला थांबली. वर्गात मुलं गणितं सोडवत होती. मी जाऊ शकलो असतो. जाऊन नुसता शेजारी उभा राहिलो असतो तरी कुणीतरी ते शब्द ऐकले असते. मी खिडकीतून बाजूला झालो आणि फळ्यावर पुढचं गणित लिहिलं.

चार वर्षांनी माझी बदली झाली, चौथ्या अर्जाला यश आलं. सामान बांधताना ती वही कपाटात राहिली. विसरलो, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. विसरलो नव्हतो. ती न्यायची म्हणजे कधीतरी उघडावी लागली असती. ठकूबाय पुढच्याच हिवाळ्यात गेली. मला पत्र आलं होतं. मी गेलो नाही, दहावीच्या परीक्षेची काहीतरी सबब होती, आणि मी प्राथमिक शिक्षक होतो.

घोटमाळ सोडल्यावर एकतीस वर्षांनी तिथून फोन आला. सरपंच योगिता तळपे बोलत होत्या, ठकूबायच्या नातवाची बायको. रोपपंचमीला प्रमुख पाहुणे म्हणून या, म्हणाल्या. गुरुजींनी लिहिलेला इतिहास आता पुस्तिकेत छापला आहे, शाळेच्या भिंतीवर रंगवला आहे. मी निवृत्त होतो, बायको गेलेली, दिवस रिकामे. आणि मनात होतं की या वेळी सांगून टाकायचं. हो म्हणालो.

गावात पोचल्यावर आधी शाळेत गेलो. भिंतीवर साधू होता, भगवा, दाढीवाला. येसूबाई त्याला भाकरी देत होती. कपाटाची चौकशी केली तेव्हा नवीन गुरुजी म्हणाले, जुनी रद्दी कधीच गेली.

राईकडे चढताना योगिता माझ्या हाताला धरून चालत होती. चांगली मुलगी. माझ्यासाठी तिनं थर्मासमध्ये बिनसाखरेचा चहा आणला होता. वाटेच्या कडेला सरकारी रोपवाटिकेतली रोपं काळ्या पिशव्यांत मांडून ठेवली होती. गुलमोहर, सिल्व्हर ओक, आणखी काय काय. हिरडा नाही का, विचारलं. हिरडा उगवत नाही हो लवकर, ती म्हणाली. वरच्या अंगाला एक जेसीबी घरघरत होता. निम्मा उतार तांबडा दिसत होता आणि मुळांसकट उपटलेले हिरडे एका बाजूला रचून ठेवले होते. त्यातले काही ठकूबायच्या रोपांचे असणार. मी काही विचारायच्या आधीच योगिता म्हणाली की पुण्याच्या पार्टीचं रिसॉर्ट होतंय, ग्रामसभेनंच ठराव केला, गावातल्या पोरांना काम मिळेल. "आणि आपण लावतोच की दर वर्षी," ती म्हणाली.

मग मी तिथंच, वाटेवर थांबून, तिला सगळं सांगितलं. दुष्काळ, ठेकेदार, कुऱ्हाड, ते चार शब्द. साधू मी रचला हेही सांगितलं. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. थर्मासचं झाकण घट्ट केलं, माझ्या कोपराला पुन्हा हात दिला आणि शांतपणे म्हणाली, "गुरुजी, आमच्या घरात कुणी कधी झाड तोडलेलं नाही. तुम्हीच तर लिहून ठेवलंय."

वर मांडव होता, माईक होता, तीन-चारशे माणूस होतं. माझ्या हातात रोप दिलं, त्याची पिशवीसुद्धा काढलेली नव्हती. मी खड्ड्यापाशी वाकलो. कुणीतरी माईक माझ्या तोंडाशी धरला आणि सगळे शांत झाले. जेसीबीचा आवाज तेवढा येत होता.

"तोडलं मी," मी म्हणालो.

लाउडस्पीकरमधून ते डोंगरभर गेलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. पुढच्या रांगेतली दोन मुलं हसली, शाळेतल्या बाईंनी त्यांना गप्प केलं. मला पुढचं म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात योगिता माझ्या कानाशी वाकली. गुरुजींचं वय झालं, सगळ्यांसमोर त्यांची फजिती होऊ नये, इतकाच तिचा हेतू होता. मी मुलांना सांगायचो तसंच, हळू आणि स्पष्ट, तिनं मला सांगितलं, "आम्ही लावतो, आम्ही राखतो."

आणि मी ते म्हटलं.